दारात बोललेले आणि करारात लिहिलेले

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच व्यवसायाविषयी आहेत. घरासमोरच्या हिरवळीची वर्षभर निगा राखणाऱ्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी म्हणून घरोघरी जाणे, किंवा अशा प्रतिनिधीला आपले दार उघडणे, हा त्यांचा विषय आहे. मी स्वतः ओहायो राज्यात, कोलंबस शहराभोवतीच्या हिलियर्ड, डब्लिन आणि वेस्टरव्हिल या उपनगरांत हे काम दोन हंगाम केले आहे आणि पुढे काही वर्षे नव्या प्रतिनिधींना शिकवलेही आहे. त्यामुळे उत्तरे देताना मी कायद्याबरोबरच त्या वहीचाही आधार घेतला आहे, जी मी त्या दोन हंगामांत रोज संध्याकाळी लिहीत असे.

प्रश्न : माझे आईवडील साताऱ्याहून कोलंबसला आले आणि माझे सगळे शिक्षण इथेच झाले. मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका लॉन केअर कंपनीने मला मार्चपासून ऑगस्टपर्यंत घरोघरी विक्रीचे काम देऊ केले आहे. मेहनती मुलगा एका हंगामात वर्षाची फी काढतो, असे मुलाखत घेणाऱ्याने सांगितले. दारोदार फिरणे आपल्याला शोभत नाही, असे बाबांचे म्हणणे आहे. मी हे काम घ्यावे का, आणि घेतले तर आधी काय शिकावे?

उत्तर : बाबांचा आक्षेप आधी घेतो, कारण तो घरातला आहे आणि तो सुटल्याशिवाय तुमचे मन बाकीच्या गोष्टींत लागणार नाही. अमेरिकेतील हिरवळीखालच्या जमिनीचा उपग्रहांच्या साहाय्याने काढलेला एक अंदाज २००५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार ही जमीन सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. एवढ्या गवताला खत घालणे, त्यातले तण काढणे आणि त्याला किडीपासून वाचवणे हा खरा, गरजेचा धंदा आहे. बियाणे आणि खतांच्या कंपन्यांची माणसे बांधावर येऊन शेतकऱ्याशी बोलताना बाबांनी साताऱ्याला नक्कीच पाहिली असतील. तुम्हाला देऊ केलेले काम त्याच प्रकारचे आहे, आणि ते नीट करणाऱ्या माणसाला मान मिळताना मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता पैशांकडे येऊ. वर्षाची फी निघते हे तुम्हाला तोंडी सांगितले गेले आहे. कागदावर काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. अमेरिकेच्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टनुसार, मालकाच्या जागेबाहेर फिरून विक्री करणे हेच ज्यांचे मुख्य काम आहे, अशा विक्रेत्यांना किमान वेतनाची आणि जादा तासांच्या मोबदल्याची संघराज्यीय हमी लागू होत नाही. काही राज्यांचे कायदे याहून उदार असतात. पण तसे नसेल तेथे निव्वळ कमिशनवर काम करणाऱ्या माणसाने आठवडाभर उन्हात फिरून एकही करार आणला नाही, तर त्याला त्या आठवड्याचे काहीही मिळत नाही, आणि तरीही कंपनीने या कायद्याचा भंग केलेला नसतो. म्हणून किमान हमी रक्कम आहे का, ती नंतर कमिशनमधून वळती होते का, आणि तुमची नोंद कर्मचारी म्हणून होणार की स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, हे लेखी विचारा. कंत्राटदार ठरलात, तर निव्वळ उत्पन्नावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर तुम्हालाच भरावा लागेल. पेट्रोल आणि फोनचा खर्चही बहुधा तुमच्याच खिशातून जाईल.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कमिशन केव्हा पक्के होते हा आहे. हिरवळीच्या वार्षिक योजनेत वर्षाला साधारण पाच ते आठ फवारण्या असतात, आणि ग्राहकाने पहिल्या किंवा दुसऱ्या फवारणीनंतर सेवा बंद केली, तर दिलेले कमिशन परत कापून घेण्याची अट अनेक करारांत असते. माझ्या पहिल्या हंगामात मे महिन्याच्या शेवटी जो धनादेश हाती आला, त्यातून अकरा ग्राहकांचे कमिशन वजा झालेले होते. मी रागाने कार्यालयात गेलो आणि ग्राहकांनी सेवा बंद करताना दिलेली कारणे मागून घेतली. अकरापैकी सात जणांनी एकच कारण दिले होते, की दारात आलेल्या मुलाने पंधरा दिवसांत हिरवळ तणमुक्त होईल असे सांगितले होते आणि तसे झाले नाही. तो मुलगा मीच होतो. मला ते वाक्य कोणी शिकवले होते, हा प्रश्न वेगळा. ते उच्चारले मी होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक ग्राहकाला दारात नेमके काय सांगितले ते वहीत लिहून ठेवू लागलो, आणि दुसऱ्या वर्षीची कपात बरीच कमी झाली.

म्हणून बोलण्याची कला शिकण्याआधी गवत शिका. त्यासाठी मराठी घरातून आलेल्या माणसाकडे थोडी शिदोरी आधीपासूनच असते. खताच्या पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे आपल्याकडचे नत्र, स्फुरद आणि पालाश. तुमच्या आजोबांना ते तुमच्यापेक्षा अधिक नेमके समजावून सांगता येतील. मुळे कुरतडणाऱ्या ज्या पांढऱ्या अळीला इथे ग्रब म्हणतात, ती बहुधा जपानी भुंगेऱ्याची अळी असते. कोल्हापूर-सांगलीच्या उसात धुमाकूळ घालणारी हुमणी तिच्याच कुळातली. जॉर्जिया आणि टेक्सासमध्ये बर्म्युडा नावाने जे गवत हौसेने लावले जाते, ती आपली हरळी आहे, म्हणजेच गणपतीला वाहायच्या दूर्वा. आपला शेतकरी जिला शेतातून मुळासकट खणून काढतो, तिची तिथे पैसे देऊन निगा राखली जाते. कोलंबसच्या थंडीत मात्र हरळी सहसा लावत नाहीत. तुम्हाला तिथे मुख्यतः केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि रायग्रास भेटतील, आणि त्यांचे वेळापत्रक पाठ असणे ही तुमच्या कामातली पहिली पात्रता आहे.

त्या वेळापत्रकातला पहिला टप्पा क्रॅबग्रास या वर्षायू तणाचा आहे. जमिनीच्या वरच्या थराचे तापमान काही दिवस सलग ५५ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले की त्याचे बी रुजू लागते. फोर्सिथियाच्या झुडपाला पिवळी फुले आली की ती वेळ जवळ आली असे जुने जाणकार समजतात. उगवणपूर्व तणनाशक त्याआधी पडले तरच उपयोगी ठरते, कारण ते रुजणारे कोंब मारते. वर आलेल्या रोपावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच कंपन्या मार्चमध्ये प्रतिनिधींना रस्त्यावर पाठवतात. जूनमध्ये दार उघडलेल्या माणसाला यंदाचे क्रॅबग्रास आम्ही थांबवू असे सांगणे खोटे असते, आणि ते खोटे जुलैत सगळ्या गल्लीला दिसते. आणखी एक बाब नवे प्रतिनिधी हमखास विसरतात. हे तणनाशक गवताच्या बियाण्यालाही रुजू देत नाही, त्यामुळे वसंत ऋतूत रिकाम्या जागी नवे बी पेरायचे आणि त्याच आठवड्यात उगवणपूर्व फवारणीही करायची, असे दोन्ही एका ग्राहकाला विकता येत नाही. बी पेरायला ओहायोत ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा चांगला काळ असतो. जमिनीतून मातीचे छोटे गोल तुकडे काढून तिला हवा देण्याचे काम, ज्याला एअरेशन म्हणतात, तेही त्याच सुमारास करून घेतलेले बरे.

डँडेलियनसारख्या रुंद पानांच्या तणावर जी औषधे वापरतात, त्यांत टू-फोर-डी हे जुने आणि महाराष्ट्रातही माहीत असलेले औषध येते. द्राक्षवेल त्याच्या उडालेल्या तुषारांनीही आजारी पडते, हे नाशिकचा कोणताही बागायतदार सांगेल. ग्राहकाच्या कुंपणावर वेल चढवलेला दिसला, तर करारावर तशी नोंद करा. फवारणी करणारा तंत्रज्ञ वेगळा असतो. त्याला तुम्ही लिहिले तेवढेच कळते.

ग्राहकाला नाही म्हणायलाही शिका. भर उन्हाळ्यात ब्लूग्रास तपकिरी होते ते पुष्कळदा मेलेले नसते, सुप्त असते, आणि पावसानंतर पुन्हा हिरवे होते. गवत फार खुजे कापल्याने किंवा बोथट पात्याने फाटल्याने आलेला पिवळेपणा कोणत्याही खताने जात नाही. तीन इंचांच्या आसपास उंची ठेवा, एवढे सांगून निघून यावे. वेस्टरव्हिलमधल्या एका आजोबांना मी असे सांगून काहीही न विकता परतलो होतो. त्यांनी पुढच्या मार्चमध्ये स्वतः फोन करून करार तर केलाच, शिवाय दोन शेजाऱ्यांची नावेही दिली.

या सगळ्याचा विचार करता माझा सल्ला असा आहे की लेखी अटी मिळाल्या, त्यांत हमी रक्कम असली आणि पहिल्या आठवड्यातल्या प्रशिक्षणात गवताविषयी काही शिकवले जात असले, तर काम जरूर घ्या. प्रशिक्षणात फक्त ग्राहकाच्या नकाराला उत्तर कसे द्यायचे याचीच पाठांतरे असतील, तर घेऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओहायोत अभियांत्रिकीत एम.एस. करत आहे. त्याच्या खोलीतल्या मित्राने त्याला उन्हाळ्यात अशाच एका कंपनीचे काम सुचवले आहे. कंपनीचा माणूस म्हणतो की तो पगारपत्रकावर नसेल, स्वतंत्र कंत्राटदार असेल, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते पाहता आम्हाला ही कल्पना बरी वाटते. हे खरे आहे का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : हे खरे नाही. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला परवानगीशिवाय विद्यापीठाबाहेर काम करता येत नाही, मग ते पगारावर असो की कंत्राटावर. प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या परवानग्या अभ्यासक्रमाशी जोडलेल्या असतात, आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाची हिरवळीची विक्री त्यांत बसवता येणार नाही. परवानगीविना केलेले काम उघड झाले, तर त्याचा विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा संपुष्टात येऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा-अर्जावर त्याची सावली पडते. कंपनीच्या त्या माणसाचे यात काही जाणार नाही. मुलाला आजच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन आवारातल्या कामाची चौकशी करायला सांगा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि सुट्टीत त्याहून अधिक तास असे काम करता येते.

कॅनडात शिकणाऱ्या मुलांचे उदाहरण कोणी दिले, तर तिथला नियम निराळा आहे हे ध्यानात ठेवा. तिथे पात्र विद्यार्थ्यांना सत्राच्या काळात आवाराबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते (८ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मर्यादा २० तासांची होती) आणि नियोजित सुट्टीत पूर्णवेळ. तो नियम ओहायोत लागू पडत नाही. कर्जाच्या हप्त्यांची तुमची काळजी मला समजते. पण ज्या शिक्षणासाठी ते कर्ज काढले, तेच या कामाने धोक्यात येईल.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी एडिसन, न्यू जर्सी येथे घर घेतले. एका शुक्रवारी संध्याकाळी लॉन कंपनीचा एक मराठी मुलगा दारात आला. आपल्या भाषेत बोलणारा कोणी भेटला म्हणून आम्ही त्याला चहा दिला आणि त्याच्या टॅबलेटवर सही केली. सगळे त्यात आले, केव्हाही बंद करा, असे तो म्हणाला. मुळे मजबूत होण्यासाठी भरपूर स्फुरदाचे खत देऊ, असेही म्हणाला. आता कळते आहे की गवत कापणे त्यात नाही, आणि करार दर वर्षी आपोआप पुढे चालू राहणार आहे. महिना होऊन गेला. काही करता येईल का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचून मला वाईट वाटले, कारण त्या मुलाने जी चूक केली ती मीही केली आहे, आणि ती आपल्या माणसाच्या दारात झाली की अधिक लागते.

आधी हक्क सांगतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा १९७४ पासून लागू असलेला एक नियम आहे. ग्राहकाच्या घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची विक्री, काही अपवाद सोडता, तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कोणतेही कारण न देता रद्द करता येते. या मोजणीत शनिवार धरला जातो. रविवार आणि संघराज्यीय सुट्ट्या धरल्या जात नाहीत. तुम्ही शुक्रवारी सही केली, म्हणजे मधे सुट्टी नसल्यास मंगळवारी मध्यरात्रीपर्यंत मुदत होती. रद्द केल्याची सूचना मिळाल्यावर विक्रेत्याने १० कामकाजाच्या दिवसांत पैसे परत करायचे असतात.

ती मुदत गेली, पण तुमची बाजू संपलेली नाही. याच नियमानुसार प्रतिनिधीने सही घेताना हा हक्क तोंडी सांगायचा असतो आणि रद्द करण्याच्या सूचनेच्या नमुन्याच्या दोन प्रती ग्राहकाला द्यायच्या असतात. त्या तुम्हाला मिळाल्या होत्या का? मिळाल्या नसतील, तर नियम कंपनीने मोडला आहे. तसे स्पष्ट लिहून, तारखेसह आणि पोच घेऊन, करार रद्द करण्याचे पत्र कंपनीला पाठवा. दाद लागली नाही, तर न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार करता येते. प्रती मिळाल्या असतील, तर करारातले सेवा बंद करण्याचे कलम शोधा. आजवर झालेल्या फवारण्यांचे पैसे देऊन पुढच्या थांबवण्याची सोय पुष्कळ करारांत असते. नुसत्या फोनवर विसंबू नका.

या नियमातली आणखी एक अट फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ती आपल्याला नेमकी लागू पडते. विक्रीचे तोंडी बोलणे मुख्यतः ज्या भाषेत झाले, त्याच भाषेत कराराची प्रत द्यावी लागते. इंग्रजी न जाणणाऱ्या स्पॅनिश भाषकांना दारात एक सांगायचे आणि कागदावर दुसरेच द्यायचे, असे घडू नये हा तिचा हेतू. त्या मुलाने सगळा व्यवहार मराठीत बोलून केला असेल, तर करारही मराठीत देणे त्याच्या कंपनीवर बंधनकारक होते. मी शिकवलेल्या मराठी, गुजराती आणि तेलुगू मुलांना म्हणूनच आग्रहाने सांगत असे की ओळख, विचारपूस खुशाल आपल्या भाषेत करा. पण किंमत, मुदत, सेवेत काय येते आणि काय येत नाही, हे करार ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवा. भाषेमुळे मिळालेला विश्वास ही मोठी ठेव आहे, आणि तिच्या आडोशाने एखादी अट लपली, तर नुकसान पुढच्या प्रत्येक मराठी प्रतिनिधीचे होते.

गवत कापण्याविषयीचा गैरसमज आपल्या लोकांत सर्रास होतो. भारतात माळी म्हटला की कापणी, खत, पाणी सगळे त्यातच आले. इथे कापणी करणारे वेगळे आणि खत-औषधे देणारे वेगळे असतात. प्रतिनिधीने हे स्वतःहून सांगायला हवे होते. आणि स्फुरदाविषयी तर त्याने कायद्याविरुद्धच आश्वासन दिले. न्यू जर्सीत २०११ च्या खत कायद्यानंतर मातीच्या तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवी हिरवळ लावायची असल्याशिवाय हिरवळीला स्फुरदयुक्त खत घालता येत नाही, कारण ते पावसाबरोबर वाहत जाऊन तलाव आणि खाड्यांत शेवाळ वाढवते. प्रत्यक्षात तंत्रज्ञाने ते बहुधा घातलेही नसेल. बिलावर उत्पादनाचे नाव असते. ते पाहून खात्री करा.

लहान मुले असतील, तर प्रत्येक फवारणीनंतर लावलेली पाटी किंवा छोटे निशाण वाचा, उत्पादनाचे लेबल मागून घ्या, आणि निदान फवारणी पूर्ण वाळेपर्यंत मुलांना गवतावर जाऊ देऊ नका. लेबलवर त्याहून जास्त अवधी लिहिला असेल, तर तो पाळा.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मिसिसागाला राहते आणि माझ्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे. मुले मोठी झाली. लॉन कंपनीत विक्रीचे काम मिळते आहे. ऑन्टारिओत घरोघरी विक्रीवर बंदी आहे आणि तणनाशकांवरही बंदी आहे, असे मैत्रिणी म्हणतात. मग विकायचे काय? शिवाय अनोळखी दारासमोर उभे राहण्याची मला भीती वाटते.

उत्तर : मैत्रिणींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ऑन्टारिओने १ मार्च २०१८ पासून घरी न बोलावता येऊन करार करण्यावर जी बंदी घातली, ती घर तापवण्याच्या भट्ट्या, वातानुकूलन यंत्रे, पाणी तापवण्याची आणि शुद्ध करण्याची यंत्रे, हवेच्या नळ्यांची सफाई अशा ठरावीक वस्तू आणि सेवांपुरती आहे. हिरवळीची निगा त्या यादीत नाही. मात्र घरी झालेला ५० डॉलरहून अधिकचा करार ग्राहकाला लेखी प्रत मिळाल्यापासून १० दिवसांत रद्द करता येतो, आणि हे तुम्ही आपण होऊन सांगावे. शहराचा विक्रीचा परवाना लागतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

तणनाशकांचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण लोक तो तुम्हाला दारात विचारतील. क्वेबेकमधील हडसन या छोट्या गावाने १९९१ साली केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशक आणि तणनाशक फवारणीला मनाई केली. फवारणीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी त्याविरुद्ध दावा केला, तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ साली न्यायालयाने गावाचा अधिकार मान्य केला. पुढे ऑन्टारिओने २२ एप्रिल २००९ पासून अशा फवारणीवर प्रांतभर बंदी आणली. त्यामुळे तुमची कंपनी टू-फोर-डी वापरू शकत नाही. ती लोहयुक्त औषध वापरेल. त्याने डँडेलियनची पाने काही तासांतच काळी पडतात, पण मूळ पुष्कळदा जिवंत राहते आणि पुन्हा फुटते, म्हणून ते एकाहून अधिक वेळा द्यावे लागते. हुमणीसाठी मातीत सोडायचे उपयुक्त सूत्रकृमी, म्हणजे अळीला मारणारे सूक्ष्म जंत, असतात. त्यांना ओल लागते आणि अळी लहान असतानाची वेळ साधावी लागते. हे सगळे जसेच्या तसे सांगा. तण कमी होईल, संपणार नाही, हे वाक्य म्हणायला जड जाते. पण ते म्हणणाऱ्या प्रतिनिधीचे ग्राहक टिकतात, हे मी वहीतून पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

भीतीविषयी मी हलक्याने बोलणार नाही. अनोळखी वस्तीत, वेगळ्या रंगाच्या माणसाकडे पडद्याआडून पाहिले जाते, आणि माझ्याबाबतीत दोनदा पोलिसांना बोलावले गेले. दोन्ही वेळा गळ्यातले ओळखपत्र आणि नगरपालिकेचा परवाना दाखवल्यावर प्रश्न मिटला, पण घरी परतताना हात थरथरत होते. ओळखपत्र छातीवर दिसेल असे लावा. घंटी वाजवून दोन-तीन पावले मागे या आणि थोडे बाजूला वळून उभे राहा, म्हणजे दार उघडणाऱ्याला मोकळे वाटते. आपले नाव आणि कंपनी हे पहिले वाक्य असू द्या. विक्रेत्यांना मनाई असल्याची पाटी दिसली, तर घंटीला हातच लावू नका. ओहायोतल्या स्ट्रॅटन या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली धर्मप्रचारकांना परवान्याच्या अटीतून सोडवले, त्याचा दाखला देऊन काही प्रतिनिधी आपल्यालाही तसेच स्वातंत्र्य आहे असे समजतात. तो निकाल विक्रेत्यांना तशी मोकळीक देत नाही, तो कॅनडाचाही नाही, आणि घरमालकाने लावलेली पाटी तर त्या निकालातही मानलेली आहे.

घरात कधीही जाऊ नका, पाणी देऊ केले तरी उंबऱ्याबाहेरच प्या. दार लहान मुलाने उघडले, तर आई घरात आहे का असेही न विचारता, नंतर येते म्हणून निघा. मागच्या अंगणाचे फाटक मालक सोबत असल्याशिवाय उघडू नका. कुत्रा बहुधा तिथेच असतो. सूर्य मावळण्याआधी थांबा, आणि कोणत्या रस्त्यावर आहात ते दर तासाला कोणाला तरी कळवा. एका घरून दुसऱ्या घरी जाताना हिरवळ तुडवत जाऊ नका, वाटेने रस्त्यावर येऊन पुन्हा दुसऱ्या वाटेने जा. ज्या गवताची निगा राखण्याविषयी आपण बोलायला आलो, ते आपल्या पायाखाली घेणारा माणूस खिडकीतून लगेच दिसतो.

नकाराची सवय होते असे लोक म्हणतात. मला ती पूर्ण कधीच झाली नाही. दहावे दार बंद झाल्यावर अकराव्या दारात आवाज बदलतो, आणि तो समोरच्याला ऐकू येतो. तसे वाटले की मी पदपथाच्या कडेला बसून वही उघडत असे आणि गेल्या दहा घरांच्या हिरवळीत काय दिसले ते लिहीत असे: कुठे क्रॅबग्रास, कुठे पात्याने फाटलेले गवत, कुठे सावलीतली शेवाळ. दहा-पंधरा मिनिटांत लक्ष नकारावरून पुन्हा गवताकडे येई, आणि पुढच्या दारात बोलायला खरोखर काहीतरी असे.

पहिल्या महिन्यात किती करार झाले याची तुलना कोणाशी करू नका. ऑगस्टच्या शेवटी मात्र एक संध्याकाळ काढा आणि वसंतात सही घेतलेल्या पहिल्या पंधरा घरी, काहीही विकायचे नाही असे ठरवून, वही घेऊन जा. एप्रिलमध्ये त्या दारात तुम्ही काय म्हणाला होतात ते आधी वाचा, मग घंटी वाजवा, आणि घरमालकाबरोबर हिरवळीवर एक फेरी मारा.